‘यू’ म्हणजे तू नव्हे

यावल तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यात कानबाई म्हणजे आपल्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण आणि रोट म्हणजे तिचा गव्हाचा प्रसाद. पत्रातला मुद्द्याचा भाग असा:

“माझं वय ५४, शिक्षण बारावी. आमची केळीची शेती. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, गेल्या वर्षी वैशाखात त्याचं लग्न झालं. सून कोचीची. तिला मराठी येत नाही आणि मला मल्याळम. त्यामुळे आमचं जे काही बोलणं होतं ते इंग्रजीत, तेही बहुतेक मोबाईलवर लिहून. गेल्या श्रावणात त्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणजे यंदाची तिची पहिली कानबाई. मी तिला लिहिलं, ‘बोथ ऑफ यू कम ऑन सॅटर्डे. यू पीपल मस्ट स्टे फोर डेज फॉर अवर कानबाई.’ उत्तर आलं, ‘ओके आंटी.’ बस, एवढंच. रात्री मुलाचा फोन आला, ‘आई, आमच्यावर चिडली आहेस का?’ मी तर मनापासून बोलावलं होतं हो. उलट दिवाळीत आमचा ओट्यावर बसलेला फोटो पाहून तिनं लिहिलं होतं, ‘यू टू लुक सो क्यूट!’ तेव्हा ह्यांना राग आला. म्हणाले, आपण काय पोरंटोरं आहोत? आता व्याही-विहीणबाईंनाही बोलवायचं आहे. त्यांना ‘यू’ लिहिताना माझा हात थांबतो. व्याह्यांना कुणी ‘तू’ म्हणतं का? आणि आमच्यात रोट फक्त भाऊबंद खातात. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतो, त्याचेच रोट होतात. हे त्यांना इंग्रजीत कसं सांगू, की त्यांना वाईट वाटणार नाही?”

ताई, राम राम.

‘यू’ची तुमची शंका आधी घेते, कारण तिच्यापायी तुमचा हात अडला आहे. ‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हे. ते मुळातलं ‘तुम्ही’ आहे. इंग्रजीत ‘तू’साठी वेगळा शब्द होता, ‘दाऊ’. एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यू’. पुढे फ्रेंच बोलणाऱ्या दरबाराच्या वळणानं, साधारण तेराव्या शतकापासून, एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचनी ‘यू’ म्हणायची रीत पडली. आपण एकट्या मामांना ‘तुम्ही’ म्हणतो, तीच ही रीत. ती पसरत पसरत इतकी पसरली की ‘दाऊ’ बोलण्यातून जवळजवळ उठूनच गेलं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये ते दिसतं, तिथे देवालाही ‘दाऊ’च म्हटलं आहे, जसं आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. त्याच शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाची माणसं न्यायाधीशांपासून सगळ्यांना हट्टानं ‘दाऊ’ म्हणत. देवापुढे सगळे सारखे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ऐकणाऱ्याला ते अरेतुरे वाटायचं आणि त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. म्हणजे तुमच्या मनातली खटक इंग्रजांनाही ठाऊक होती. तेव्हा व्याह्यांना निःशंक ‘यू’ लिहा. तुम्ही त्यांना ‘तुम्ही’च म्हणत आहात.

पण खरी अडचण इथूनच सुरू होते. सगळ्यांच्याच डोक्याला फेटा बांधला की मानकरी कोण ते फेट्यावरून कळत नाही. ‘यू’चं तसंच झालं. ते पोराला, पोलिसाला आणि पंतप्रधानांना एकच, म्हणून त्यात आता ना आदर उरला ना अनादर. आदर दुसरीकडे कुठेतरी ठेवावा लागतो.

आपल्याकडे तो क्रियापदाच्या शेपटाला असतो. ‘ये’ आणि ‘या’ यांत काय फरक आहे? एका मात्रेचा आणि एका कान्याचा. पण ‘शनिवारी या’ म्हटलं की त्या ‘या’मध्ये पाट, पाणी आणि हातातलं काम टाकून दारापर्यंत येणं, सगळं आलं. तुम्ही मनात ‘दोघंही शनिवारी या’ म्हणालात आणि लिहिलंत ‘बोथ ऑफ यू कम ऑन सॅटर्डे’. शब्द एकही चुकला नाही. फक्त ‘या’चा काना इंग्रजीत उतरला नाही. ‘कम’ला शेपूटच नाही, म्हणून तो वाचणाऱ्याला नुसता हुकूम वाटतो. मी भुसावळला २६ वर्षं इंग्रजी शिकवलं. आपल्या भागातल्या माणसाचं इंग्रजी उद्धट वाटतं, अशी तक्रार मी कितीदा ऐकली. ती माणसं उद्धट नव्हती. त्यांचा आदर मराठीच्या, अहिराणीच्या प्रत्ययात राहून गेला होता.

इंग्रजी माणूस तो आदर वाक्याच्या घडणीत घालतो. हुकमाचा प्रश्न करतो, नाहीतर स्वतःची इच्छा सांगतो: ‘कुड यू कम ऑन सॅटर्डे?’ किंवा ‘वुई वुड लव्ह यू बोथ टू कम ऑन सॅटर्डे’. दुसऱ्या वाक्यात येण्या-न येण्याची मोकळीक समोरच्याकडे राहते आणि ओढ तुमच्याकडे. आज्ञार्थ नेहमीच वाईट, असंही समजू नका. ज्यात ऐकणाऱ्याचं भलं आहे, अशी आज्ञा इंग्रजीतही प्रेमाचीच असते. ‘कम इन’, ‘सिट डाउन’, ‘हॅव सम मोअर’ हे पाहुण्याला बेलाशक म्हणतात. ‘डू कम’ तर आपल्या ‘नक्की या हं’च्या फार जवळचं. ‘यू मस्ट कम’ हेसुद्धा आग्रहाचंच. तुमच्या ‘मस्ट’नं एकट्यानं काही बिघडलं नसतं. तो बिघडला शेजारामुळे. एकीकडे ‘बोथ ऑफ यू’, दुसरीकडे ‘यू पीपल’.

आता या दोघांना हाका मारायच्या शब्दांकडे येऊ. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे, ‘तुम्ही दोघं’ला ‘युवाम्’ हा एकच शब्द. फार जुन्या इंग्रजीतही असा शब्द होता, ‘यिट’, म्हणजे तुम्ही दोघं. तो तेराव्या शतकाच्या आसपास नाहीसा झाला. मराठीलाही द्विवचन उरलं नाही. म्हणून दोन्हीकडे आता मोजणीचा शब्द जोडावा लागतो. आपण ‘तुम्ही दोघं’ म्हणतो, अहिराणीत ‘तुम्ही दोन्ही’, लग्नपत्रिकेत ‘आपण उभयतां’. इंग्रजीत चार-पाच पर्याय आहेत आणि प्रत्येकाचा सूर वेगळा.

‘यू बोथ’ सगळ्यांत बिनधोक. ‘होप यू बोथ आर वेल’, ‘थँक यू बोथ’. दोघांकडेही सारखंच पाहिल्यासारखं होतं. ‘बोथ ऑफ यू’चा अर्थ तोच, पण त्यात जोर ‘दोघंही, एकही सुटायचा नाही’ यावर येतो. ‘थँक्स टू बोथ ऑफ यू’ छान वाटतं. पण वाक्याच्या तोंडाशी ‘बोथ ऑफ यू’ आणि पाठोपाठ आज्ञा आली की मागच्या बाकावर बोलणाऱ्या दोन मुलांना बाई उभं करत आहेत असा आवाज येतो. मी स्वतः वर्गात तेच म्हणायचे, ‘बोथ ऑफ यू, स्टँड अप!’ तुमच्या सुनेच्या कानात शाळेतल्या कुणा टीचरचा आवाज घुमला असेल, तर नवल नाही.

‘यू टू’ला दोन तोंडं आहेत. दोन पोरांना दटावताना तेच, आणि दोन जिवलगांना लाडानं म्हणताना तेच. कोणतं ते पुढच्या शब्दावरून कळतं. ‘यू टू, स्टॉप इट’ हे दटावणं. ‘यू टू लुक सो क्यूट’ हे कौतुक, आणि तेही फार आतलं. परक्या माणसांना असं कुणी लिहीत नाही. ताई, फोटोत तुम्ही आणि साहेब ओट्यावर बसला आहात आणि तुमच्या सुनेनं दोघांना मिळून एक पाहिलं आहे. सासू आणि सासरे असं वेगवेगळं पाहिलं नाही, एक जोडी पाहिली. इतक्या वर्षांच्या संसाराला घरात आलेल्या नव्या मुलीनं दिलेली ही दाद आहे. साहेबांना हे आवर्जून वाचून दाखवा. ‘क्यूट’ हा शब्द मोठ्यांना लावणं आपल्या कानाला खटकतं, ते मी समजू शकते. पण तिच्या पिढीच्या तोंडी त्याचा अर्थ ‘बघून बरं वाटलं’ एवढाच उरला आहे. उद्या तिनं ‘हाउ आर यू गाईज?’ लिहिलं, तरी तेच समजा. ती मित्रांना लिहिते तशी तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला ते नको असेल तर तेही सरळ सांगता येतं, ती ऐकेल. पण तिनं मान ठेवला नाही, अशी समजूत करून घेऊ नका.

जाता जाता एक. व्याह्यांना बोलावताना ‘जोडीनं या’चं ‘कम इन पेअर’ करू नका. आपल्याकडे जोडी लक्ष्मी-नारायणाची असते, इंग्रजीतला ‘पेअर’ मोजे, चपला आणि बैलांसाठी जास्त वापरला जातो. नवराबायकोला ‘कपल’ म्हणतात, आणि आमंत्रणात तर तेही लागत नाही, ‘यू बोथ’ पुरतं. दुसरं, नकार देताना ‘बोथ’ टाळा. ‘बोथ ऑफ यू डिड नॉट कम’ यातून दोघंही आले नाहीत की दोघांतलं एकच आलं, याचा गोंधळ होतो. तिथे ‘नाइदर ऑफ यू’ हवं, पण खरं तर असं वाक्य तुम्ही विहीणबाईंना लिहूच नका.

आता ‘यू पीपल’. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या मते तुमच्या निरोपातली खरी ठेच इथेच लागली.

आपण ‘तुम्ही लोकं’ किती सहज म्हणतो! ‘तुम्ही लोकं जेवलात का?’ ‘तुम्ही लोकं कधी निघणार?’ त्यात माया असते, गर्दीचा आनंद असतो. त्याचंच आपण शब्दाला शब्द लावून ‘यू पीपल’ करतो. पण इंग्रजीच्या कानाला ‘यू पीपल’ म्हणजे ‘तुमच्यासारखे लोक’, ‘तुमची जात-जमात’. त्या शब्दानं बोलणारा समोरच्याभोवती रेघ ओढतो आणि स्वतः रेघेबाहेर उभा राहतो. अमेरिकेत एखाद्या गोऱ्या माणसानं काळ्या माणसांना ‘यू पीपल’ म्हटलं तर त्यावरून रान पेटतं. मी हे पुस्तकातून शिकले नाही. मी शिकवत होते त्या शाळेत एकदा परदेशातून एक शिक्षक दांपत्य पाहुणे म्हणून आलं होतं. मी त्यांचं स्वागत करताना अगदी भरल्या मनानं म्हणाले, ‘यू पीपल आर व्हेरी हार्डवर्किंग.’ बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनीच मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ‘यू पीपल’ म्हणजे तुम्हाला नक्की कोण म्हणायचं होतं? मी ‘तुम्ही दोघं’ म्हणाले, तेव्हा त्या हसल्या आणि माझा हात धरला. तोवरची दुपार मात्र त्यांनी मनात काहीतरी घेऊनच काढली होती. ‘यू बोथ आर सो हार्डवर्किंग’ एवढंच मी म्हणायला हवं होतं.

तुमच्या सुनेचं तर आणखी अवघड. तुम्ही लिहिलंत, ‘यू पीपल… फॉर अवर कानबाई’. म्हणजे तुम्ही लोक, आमच्या कानबाईला या.

ताई, तुमच्या मनात कोणता शब्द होता हो, ‘आमची कानबाई’ की ‘आपली कानबाई’? मला खात्री आहे, ‘आपली’च होता. इंग्रजीत या दोन्हींना एकच ‘अवर’ आहे. त्यात समोरचा धरला की वगळला, ते शेजारच्या शब्दांवरून ओळखायचं. आणि शेजारी होतं ‘यू पीपल’. त्यामुळे तुमची ‘आपली कानबाई’ कोचीच्या त्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर ‘आमची’ झाली आणि ती पाहुणी झाली. मग पाहुणीनं पाहुणीसारखं उत्तर दिलं, ‘ओके आंटी’.

यावर उपाय सांगते, आणि तो मला माझ्या शेजारणीनं दिला आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत देशभरची माणसं राहतात. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मल्याळी कुटुंब बारा वर्षं होतं. त्या घरात माझ्या लक्षात आलं की जे इंग्रजीत नाही आणि हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही, ते मल्याळममध्ये आहे. ‘आम्ही’ला त्यांचा शब्द ‘ञङ्ङळ’ आणि ‘आपण’ला ‘नम्मळ’. आमचं म्हणजे ‘ञङ्ङळुडे’, आपलं म्हणजे ‘नम्मुडे’. तापीकाठच्या बाईला आणि कोचीच्या मुलीला हा भेद जन्मापासून कळतो, फक्त दोघी ज्या भाषेत बोलतात तिला तो कळत नाही. तेव्हा तिथे इंग्रजी बाजूला ठेवा. ‘नम्मुडे कानबाई’ असं लिहा. दोनच शब्द आहेत, ती ओळखेल.

बाकीचा निरोप असा लिहिता येईल: ‘व्हेन आर यू बोथ कमिंग होम फॉर कानबाई? इट इज युअर फर्स्ट वन, अँड वुई वुड लव्ह इट इफ यू कुड स्टे फोर डेज.’ इथे ‘कम’च्या जागी ‘कमिंग होम’ का, ते सांगते. आपल्या घरच्या सुनेला कानबाईचं आमंत्रण नसतं. ते आत्याबाईला असतं, मामाला असतं. सुनेला फक्त विचारायचं असतं की कधी निघताय. आणि निरोप दोघांना मिळून लिहिलात, तरी एखादं वाक्य तिच्या एकटीच्या नावानं असू द्या. जोडीला बोलताना आपलं सगळं लक्ष मुलाकडे असतं आणि सून ‘बोथ’मध्ये आपोआप मोजली जाते, असं फार घरांत होतं. तिचं नाव घालून लिहा की मी तुला रोट लाटायला शिकवणार आहे.

‘आंटी’चंही बोलून टाका. मल्याळी घरांतही मोठ्यांना नुसत्या सर्वनामानं बोलवत नाहीत, नात्यानं हाक मारतात. तुम्हाला काय म्हणायचं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नसेल, म्हणून ती सगळीकडे चालतं ते म्हणते आहे. ‘यू कॅन कॉल मी आई’ लिहा. इथेही ‘कॅन’ ठेवा, ‘मस्ट’ नको.

आता व्याही-विहीणबाई. त्यांना ‘मिस्टर अँड मिसेस’ अमुक लिहायची घाई नको. आपल्याकडे आडनाव घराला एक, पाटील तर सगळे पाटील. केरळात पुष्कळ घरांत नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं पाळण्यातलं नाव येतं, कुठे घराचं नाव येतं, कुठे नुसती आद्याक्षरं. सुनेच्या नावापुढचा शब्द उचलून तिच्या आईला लावलात तर तो चुकीचा ठरू शकतो. सुनेलाच विचारा की तुझ्या आई-बाबांना मी काय म्हणू? हा प्रश्नही तिला आवडेल. आणि दोघांची नावं लिहा. ‘यू अँड युअर वाइफ’ किंवा ‘विथ मिसेस’ नको. आपल्या पत्रिकेत सौभाग्यवतींचं नाव घालतो ना, तसंच. निरोप विहीणबाईंच्या मोबाईलवर जात असेल तर आधी त्यांचं नाव. मग ‘वुई वुड बी सो हॅपी इफ यू बोथ कुड बी विथ अस फॉर कानबाई ऑन संडे’. रविवारी स्थापना आणि सोमवारी विसर्जन असतं हे त्यांना माहीत नसणार, तेही एका ओळीत लिहा, म्हणजे त्यांना गाडीचं आरक्षण करता येईल.

राहिला रोटाचा प्रश्न. हे सांगताना ‘यू’ हा शब्दच वापरू नका. ‘यू बोथ कॅनॉट ईट धिस’ म्हटलं की मनाई त्या दोन माणसांना झाली. ‘बाय कस्टम, द रोट इज ईटन ओन्ली विदिन द क्लॅन’ म्हटलं की बोलली ती रीत, तुम्ही नाही. इंग्रजीत अप्रिय सांगताना माणूस वाक्यातून काढून घेतात आणि रीत, वेळ, जागा पुढे करतात. आणि जे द्यायचं आहे तिथे मात्र ‘यू’ भरभरून वापरा. लगेच पुढच्या ओळीत, ‘अँड फॉर यू बोथ, वुई आर मेकिंग पुरणपोळी ऑन द खापर.’ खापरावरची पोळी हातावर कशी फिरवतात ते त्यांना चुलीपाशी बसवून दाखवा. तिथे भाषा लागणार नाही.

सुनेच्या निरोपाची शेवटची ओळ मात्र मी तुमच्या पत्रातूनच घेतली आहे. प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढता असं तुम्ही लिहिलंत. तिचे गहू अजून काढले नसतील तर आज काढा आणि खाली हे लिहा: ‘आय हॅव ऑलरेडी पुट असाइड युअर हँडफुल ऑफ व्हीट. नम्मुडे कानबाई. आई.’